जुनी बॅटरी

"लाइट गेल्यावर तुझा कॅमेरा किती वेळ बघतो?"

घोडके सिस्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. बाकीची गिऱ्हाइकं आधी चित्र स्वच्छ दिसतं का, मोबाइलवर दिसतं का, असलं काहीतरी विचारायची. लाइटचं नाव कोणी काढायचं नाही. आमच्या अहमदपुरात दर मंगळवारी दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लाइट जायची, तरी नाही.

"तुम्ही ठरवाल तितका वेळ," मी म्हणालो.

"असं मोघम नको. नीट सांग."

त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा अविनाश सोलापूरला नोकरीला. नांदेड रस्त्याला तीन खोल्यांचं घर त्यांनी स्वतः बांधलं होतं आणि त्यात एकट्या राहत होत्या. मी समोर स्टुलावर बसून त्यांना समजावलं, तेव्हा त्या डोळे बारीक करून एखाद्या औषधाचा डोस ऐकावा तशा ऐकत राहिल्या.

"कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावला तर तासभर. कॅमेऱ्यांपुरती छोटी बॅटरी लावली तर दोन-अडीच तास. आणि इन्व्हर्टर, त्याला मोठी नवी बॅटरी, तर कॅमेरे दिवसभर चालतील. आठ तास तर कुठंच गेले नाहीत."

"मग तीच. मंगळवारी दिवसभर अंधार. ज्याला काही करायचंय तो मंगळवारीच करणार."

ज्याला काही करायचं होतं तो कोण, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या भिंतीपलीकडे व्यंकटराव डोईजोडेंचा मोठा मोकळा प्लॉट होता. तिथं त्यांना मंगल कार्यालय काढायचं होतं, पण गाड्या आत यायला रुंद रस्ता नव्हता. सिस्टरांच्या अंगणातून दहा फूट मिळाले की काम होत होतं. सिस्टर नाही म्हणाल्या. मग भिंतीच्या विटा निघायला लागल्या. आज दोन, उद्या चार. सिस्टर कोर्टात गेल्या आणि कोर्टानं 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. तरी विटा निघतच होत्या. वकील म्हणाले, "बाई, कोण काढतंय ते दाखवा." म्हणून कॅमेरे.

मी दोन दिवस तिथं वायरिंग करत होतो. सिस्टर मागे उभ्या राहून बोलायच्या.

"तू टेकाळ्यांचा ना? पायाळू आलास तू. गुरुवार होता, पोळ्याचा आदला दिवस. पावणेतीन किलो भरलास. तुझा बाप इतका घाबरला होता की पेढे आणायचं सुचलं नाही, सगळ्या वॉर्डाला गुळाचे खडे वाटले त्यानं."

मला हे काहीच माहीत नव्हतं. घरी जाऊन आईला विचारलं तर ती हसली. "खरंय. गूळच वाटला होता."

गावात निम्म्या लोकांच्या जन्माचा वार, वेळ, वजन सिस्टरांना तोंडपाठ होतं. शाळेत नाव घालताना दाखला हरवला की लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत.

चारही कॅमेरे बसले, इन्व्हर्टर बसला. फक्त मोठी बॅटरी आली नव्हती. लातूरहून शुक्रवारी येणार होती. मला त्याच दिवशी मेहुणीच्या लग्नाला उमरग्याला निघायचं होतं आणि काम अर्धवट सोडून जायला नको वाटत होतं. दुकानात एक जुनी बॅटरी पडून होती, कोणीतरी नवी घेताना टाकून गेलेली. ती लावली. लोखंडी ट्रॉलीत बसवून वरून झाकण टाकलं की नवी-जुनी कळत नाही. शुक्रवारी नवी आली की बदलू, सांगायचं कशाला, असा विचार केला.

"झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"झालं."

"आठ तास?"

"आठ तास."

त्यांनी इन्व्हर्टरचं बटण कोणतं, दिवे कोणते, सगळं दोनदा विचारून घेतलं आणि मला ज्वारीची भाकरी, पिठलं खाऊ घालून पाठवलं.

शुक्रवारी नवी बॅटरी दुकानात आली. मी लग्नात होतो. सोमवारी परत आलो तर सहा ठिकाणची कामं खोळंबली होती. मंगळवारी एका गोदामाचं काम. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पुढचा शुक्रवार आला. बॅटरी दुकानाच्या कोपऱ्यात तशीच.

त्या शुक्रवारी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात व्यंकटराव भेटले. मला पाहून त्यांनी बाकावर जागा केली.

"काय बालाजी, म्हातारीच्या भिंतीला डोळे बसवले म्हन की तू?"

"बसवले जी."

"आमच्या कार्यालयाला पन बसवायचेत. सोळा तरी लागतील. तूच कर." मग चहा ढवळत त्यांनी विचारलं, "लाइट गेल्यावर बी दिसतंय का रे समदं?"

मी सोळा कॅमेऱ्यांच्या विचारात होतो. मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं, आपल्याला काय काय कळतं ते त्याला दाखवावंसं वाटत होतं.

"सध्या अर्धा तास. मग बंद. बॅटरी बदलायची आहे अजून."

"असं होय," ते म्हणाले आणि माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.

पुढच्या मंगळवारी सिस्टर डोळ्याच्या तपासणीला लातूरला गेल्या. दहाच्या गाडीनं गेल्या, साडेचारला परत आल्या. तेव्हा भिंत नव्हती. जेसीबीनं ती मुळापासून उपटली होती, तिच्या कडेची सीताफळाची दोन झाडं आडवी केली होती आणि सगळ्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर सपाट रस्ता.

साडेपाचला त्यांचा फोन आला. आवाज ठाम होता.

"बालाजी, त्यांनी भिंत पाडली. पण आता सापडले. तू सकाळी ये आणि मला ते सगळं काढून दे. मी वकिलांना सांगितलंय, अविनाशला पण बोलावलंय."

मी "हो" म्हणालो आणि दुकानातल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

बुधवारी सकाळी आठला गेलो तेव्हा त्या वकिलांकडे निघाल्या होत्या. "अविनाशची गाडी येईल, त्याला घेऊन येते. तू आत बसून बघून ठेव," म्हणाल्या आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवून गेल्या.

मी रेकॉर्डिंग लावलं. मंगळवार, नऊ वाजता लाइट गेली. नऊ वाजून सव्वीस मिनिटांपर्यंत अंगण, भिंत, सीताफळं, दोरीवरचा टॉवेल. त्यानंतर काही नाही. एकदम पाच वाजता पुन्हा चित्र आलं, तेव्हा अंगणात सिस्टर उभ्या होत्या, हातात लातूरच्या दवाखान्याची पिशवी.

मी ते तीन वेळा पाहिलं. मग बाहेर जाऊन माझ्या टेम्पोतून नवी बॅटरी उतरवली. कशासाठी आणली होती ती बरोबर? बदलायचीच होती, असं मी स्वतःला सांगत होतो. साठ किलोचा तो धोंडा मी एकट्यानं आत ओढला, पाठीत लचक भरली. जुनी काढली, नवी जोडली, झाकण टाकलं. जुनी टेम्पोत ठेवून वर पोतं टाकलं. हात धुतले आणि खुर्चीत बसून राहिलो.

साडेदहाला तिघं आले. सिस्टर, अविनाश आणि वकील. अविनाश माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, सडपातळ, प्रवासानं डोळे लाल झालेला.

"लाव," सिस्टर म्हणाल्या.

मी लावलं. नऊ सव्वीसला चित्र गेलं. वकिलांनी चष्मा काढला.

"पुढचं?" सिस्टर म्हणाल्या.

"पुढचं नाही सिस्टर. बंद होतं."

"असं कसं? तू आठ तास म्हणालास."

अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. "बॅटरी खराब आहे का?"

तेव्हा बोलता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी उठलो आणि घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला. कॅमेऱ्यांचं चित्र तसंच राहिलं.

"बघा तुम्हीच," मी म्हणालो.

आम्ही बसून राहिलो. अर्धा तास झाला, तास झाला. वकील घड्याळ बघून निघून गेले. दीड तास झाला. चित्र चालू.

"मग काल का बंद पडलं?" अविनाशनं विचारलं.

"बटण," मी म्हणालो. "इन्व्हर्टरचं बटण कोणी बंद केलं तरच असं होतं. लाइट आली की आपोआप चालू होतं, म्हणून नंतर कळत नाही."

"मी नाही बंद केलं," सिस्टर म्हणाल्या.

"आई, गावाला जाताना तू सगळी बटणं बंद करतेस. गॅस, मीटर, सगळं. नेहमी करतेस."

"करते. पण हे नाही केलं. मला माहीत होतं हे चालू ठेवायचंय."

"आठव नीट."

त्या आठवू लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. "अंघोळ केली. देवाला फूल वाहिलं. तेव्हा आतून टूं-टूं आवाज आला होता. मला वाटलं, लाइट गेली म्हणून असेल. मग साडी नेसले, पावणेदहाला कुलूप लावलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तो आवाज कशाचा रे?"

बॅटरी संपत आली की इन्व्हर्टर ओरडतो. त्यांना आवाज आला होता, वेळही बरोबर आठवत होती.

"बटण बंद केल्यावर वाजतं तसं," मी म्हणालो.

"पण मी त्या खोलीत गेलेच नाही."

"गडबडीत लक्षात राहत नाही सिस्टर. होतं असं."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि इन्व्हर्टरसमोर उभ्या राहिल्या. बटणाकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. हाताला आठवतंय का ते बघत होत्या. परत बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज ठाम नव्हता.

"केलं असेल," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयात. आधी बटणं, कड्या. मग माणसं."

"आई, तसं काही नाही," अविनाश म्हणाला, पण तो घाबरला होता, ते दिसत होतं.

मी पिशवी उचलली. सिस्टरांनी दारापर्यंत येऊन मला सांगितलं, "कोणाला बोलू नकोस बाबा. बाईला विसर पडायला लागलाय, हे गावभर नको."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

व्यंकटरावांनी रस्ता पूर्वीपासूनच होता, भिंत पावसानं पडली, असं सांगितलं. ज्यांनी जेसीबी पाहिला त्यांतला कोणी पुढं आला नाही. दोन महिन्यांत अविनाश आईला सोलापूरला घेऊन गेला. एकटं कसं ठेवणार? उन्हाळ्यात घर विकलं गेलं, व्यंकटरावांनाच. वर्षभरात तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं. त्याचे सोळा कॅमेरे मी बसवले.

तीन वर्षं गेली. एके दिवशी दुकानात असताना अविनाशचा फोन आला.

"आमच्या फ्लॅटमध्ये कॅमेरे बसवायचेत. मी आणि मनीषा दोघंही कामावर असतो. आईवर लक्ष ठेवायला पाहिजे. आणि बॅकअप चांगला लागेल, लाइट गेली की दिसायचं बंद व्हायला नको."

"सोलापुरात कोणी नाही का?"

"आहेत ना. पण आई म्हणते, बालाजीलाच बोलवा. तो खरं सांगतो."

मी जाणार नव्हतो. आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी सामान भरून गेलो.

मनीषानं, त्यांच्या सुनेनं, दार उघडलं. तिनं रजा काढली होती. सिस्टर गॅलरीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. वजन उतरलं होतं, पण नजर तीच. मांडीवर शाळकरी वही. त्यात ओळी लिहिलेल्या, 'सकाळची गोळी घेतली', 'दूधवाल्याला उद्या एक लिटर सांगितलं', आणि प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्या शाईनं बरोबरची खूण.

"खुणा मी करते," मनीषा हळू आवाजात म्हणाली. "त्यांना त्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही नाही म्हणाले. पण त्यांचा स्वतःवरच भरवसा नाही."

"कशा आहात सिस्टर?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मनीषाला विचार."

मनीषा मला घर दाखवत फिरली. "एक हॉलमध्ये, एक दाराशी. आणि स्वयंपाकघरात पाहिजेच. गेल्या उन्हाळ्यात गॅस चालू राहिला होता. शेजारच्यांना वास आला म्हणून वाचलो. तेव्हापासून आई ओट्याकडे येत नाहीत."

मी हॉलमध्ये येऊन ड्रिल जोडलं. बॅकअपचं खोकं सिस्टरांच्या खुर्चीशेजारी ठेवलं. ते किती तास चालेल, हे त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या,

"बालाजी, तू त्या दिवशी बरं केलंस. तोंडावर सांगितलंस. दुसरा कोणी असता तर म्हातारीचं मन राखायला काहीतरी थाप मारली असती. मग मी एकटीच राहिले असते आणि घर पेटवून बसले असते."

ड्रिल माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"सिस्टर, तुम्ही बटण बंद केलं नव्हतं."

"काय?"

"बॅटरी जुनी होती. अर्धा तासच चालायची. मी नवी लावतो म्हणालो, पण जुनी लावली आणि बदलली नाही. तुम्ही किल्ली देऊन गेलात तेव्हा, त्या सकाळी, बदलली. तुम्ही यायच्या आत. तो टूं-टूं आवाज बॅटरी संपतानाचा होता. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं. आणि व्यंकटरावांना, अर्ध्या तासात बंद पडतं, हे मीच सांगितलं होतं. हॉटेलात. चहा पिताना."

मी हे कसं बोललो मला माहीत नाही. बोलताना त्यांच्या पायातल्या मोज्यांकडे बघत होतो. वर पाहिलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. रागावलेल्याही दिसल्या नाहीत. ओठ हलत होते, जणू हिशेब लावत होत्या.

"मनीषा," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. बस. बालाजी, आत्ता बोललास ते परत सांग. सगळं सांग. हळू."

मी परत सांगितलं. मनीषा तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

"अविनाशला फोन लाव." मनीषानं लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "आता त्याला सांग."

तिसऱ्यांदा सांगितलं. पलीकडून अविनाश म्हणाला, "मी येतोय. त्याला तिथंच थांबव."

"नको येऊ," सिस्टर म्हणाल्या. "त्याचं सांगायचं ते सांगून झालंय. तू संध्याकाळी वेळेवर ये." आणि फोन बंद केला.

मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सुनेकडे बघत होत्या.

"मनीषा, दिवाळीत तुझी कानातली सापडत नव्हती. मी कुठंतरी ठेवली असणार, असं ठरलं. मी चार दिवस शोधत होते."

"आई..."

"पाण्याचा नळ चालू राहिला, अविनाशची फाइल रद्दीत गेली. सगळं मी माझ्यावर घेतलं. कोणी विचारलं की म्हणायचे, केलं असेल बाई मीच." त्यांचा आवाज चढला नाही. "आता एकच सांग. गॅस मी चालू ठेवला होता का?"

मनीषा मान खाली घालून बसली. ती वाईट मुलगी नव्हती. घाईत नोकरीवर पळणारी, दोन मुलांचे डबे करणारी. तिनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मी. दूध तापवून तशीच निघाले. तुम्ही म्हणालात, माझ्याकडूनच राहिला, तेव्हा मी काही बोलले नाही."

सिस्टरांनी डोळे मिटले. उघडले. मग माझ्याकडे बोट केलं.

"तू जा आता. हे सगळं घेऊन जा."

मी सामान गोळा केलं. भिंतीला एक भोक पाडून झालं होतं, ते तसंच राहिलं. दार ओढताना पाहिलं तर त्या खुर्चीतून उठत होत्या आणि मनीषा आधाराला पुढे झाली तेव्हा त्यांनी तिचा हात बाजूला केला.

अहमदपूरला आल्यावर मी वकिलांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "आता याचा काय उपयोग? घर त्यांनी स्वतःच्या सहीनं विकलंय." कागद मात्र ठेवून घेतला. व्यंकटरावांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचे कॅमेरे आता दुसरा कोणी बघतो.

अविनाशला मी पुष्कळदा फोन केला, त्यानं कधी उचलला नाही. मनीषाचा एकदा निरोप आला, की आई आता भाजी आणायला एकट्या जातात, रांधतात, आणि तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

त्यानंतर पाच वर्षांनी माझी आई गेली तेव्हा मी सिस्टरांच्या घरच्या फोनवर कळवलं. त्यांनीच उचलला. मी आई वारली एवढंच बोललो, नाव सांगितलं नाही.

"बालाजी," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, आवाजावरून ओळखलं. "तुझी आई भली बाई होती. तिला माझा नमस्कार सांगायचा राहिला."

मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.